पाच गरीब पाहिजेत

डांटसांच्या घरी त्या सकाळी कशाचीच कमतरता नव्हती. अंगणात मांडव होता, मांडवात उभे पंखे होते, पंख्यांसमोरच्या खुर्च्या अडवून बसलेले मुंबईचे पाहुणे होते. मागच्या पडवीत भात तयार होता, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी तयार होती, नारळाच्या रसात गूळ आणि चण्याची डाळ शिजवून केलेली वोणसुद्धा तयार होती. नव्हते ते फक्त भिकारी.

डेलिशाचा उद्या रोस. म्हणजे लग्नाआधी तिला नारळाच्या रसानं न्हाऊ घालायचं. आणि रोसाच्या आदल्या दिवशी, घरातल्या कुणाच्याही तोंडात घास जायच्या आत, पाच गरिबांना पोटभर जेवू घालायचं असा या घराचा रिवाज. घरातली मेलेली माणसं त्यांच्या तोंडानं जेवतात असं मानायचं. डांटसांची मेलेली माणसं जिवंतपणी जेवणाच्या बाबतीत फार मानी होती. एकदा कढी खारट झाली म्हणून आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. त्यामुळे हा रिवाज मोडून पाहायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

"प्लासिद, माणसां खंय आसत?" ईडाबायनं पडवीतून विचारलं.

"येतत गो. गाडी सुटली आसतली थंयसून."

"सकाळधरना सुटताच आसा तुजी गाडी."

ईडाबाय म्हणजे प्लासिद आणि स्टॅनली या दोघा भावांची थोरली बहीण. मुंबईच्या एका इस्पितळात मेट्रन म्हणून जन्म काढून ती गावी परतली होती. स्वतः लग्न केलं नाही, म्हणून घरातल्या बाकी सगळ्या लग्नांवर तिचा हक्क चाले. स्टॅनली आणि त्याची बायको स्टेला मस्कतला असताना त्यांच्या डेलिशाला तिनंच वाढवलं. त्यामुळे डेलिशानं कालच सांगून टाकलं होतं, "बाय नको म्हणाली तर रोस नाय, आणि रोस नाय तर लगीन पण नाय." मुलगी हट्टी निघाली याचा दोष सगळे ईडाबायला देत आणि ईडाबाय तो कौतुकासारखा घेई.

गरीब आणायची जबाबदारी प्लासिदनं आपणहून अंगावर घेतली होती. पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायचे आणि परत वर आणायचं, हा त्याचा धंदा. दर्यावर दोन बोटी, माडाच्या बागेत सहा खोल्यांचं होमस्टे. एवढ्या माणसाला पाच भिकारी म्हणजे किरकोळ काम. त्यानं कुडाळच्या पलीकडच्या एका वृद्धाश्रमाशी आठवड्यापूर्वीच बोलून ठेवलं होतं. आता त्यानं चौथ्यांदा फोन लावला आणि समोरच्यानं उचलताच आवाज बदलून शुद्ध मराठीत विचारलं, "नमस्कार, डांटस बोलतोय. आमची माणसं निघाली का?"

"सॉरी हां साहेब. आज सगळे आजीआजोबा फळवाटपाला गेले. वाढदिवस आहे ना आपल्या नेत्यांचा."

"सगळे?"

"सगळेच. तिकडे बॅनरवर दोनशे गरजू छापलेत. आमच्याकडे आहेत तीसेक. एकेकाला कपडे बदलून पुन्हा रांगेत उभं करायला लागणार बहुतेक. तुम्हाला परवा चालेल का? परवाची सकाळ मोकळी आहे."

परवा तर डेलिशाचं लग्नच होतं. प्लासिदनं फोन खिशात टाकला आणि मांडवाच्या छताकडे पाहिलं. जिल्ह्यात गरिबी हटली की नाही माहीत नाही, पण गरिबांना आगाऊ बुकिंग लागतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

"काय झाला?" ईडाबाय दारात येऊन उभी होती.

"बाय, आपण असा करूया. चर्चीतल्या गरिबांच्या पेटयेत पैसे घालूया. पाद्री पण खूश, गरीब पण खूश."

"आणि आमचो बापूस? माय? बुडान मेलेलो आमचो भाव जॉनी? ते पेटयेत हात घालून जेवतले?"

तिचा नेम सरळ होता. बाराची घंटा व्हायच्या आत पाचही जण पानावर बसले पाहिजेत. जेवणाऱ्यानं दारात येऊन आपल्या तोंडानं मागितलं पाहिजे. आणि खोटं बोलून कुणाला पानावर बसवायचं नाही, कारण जिवंत माणसं फसतात, मेलेली फसत नाहीत. पैसे घालून पुण्य कुरियरनं पाठवायची सोय तिला मान्य नव्हती.

"स्टेला, तू तरी सांग हेका," प्लासिद वैतागून म्हणाला.

आणि काय आश्चर्य, स्टेला त्याच्या बाजूनं बोलली. "पेटयेत घातल्यार काय वायट नाय, बाय. काळ बदललो."

प्लासिदची बायको फिलू कांदे चिरायचे सोडून दारापाशी आली. लग्न होऊन आल्यापासून स्टेलाचं आपल्याशी किंवा प्लासिदशी कशावरच एकमत झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. आता ही एकाएकी आपल्या नवऱ्याची री का ओढतेय, या काळजीनं तिच्या कपाळाला आठी पडली.

काळजी तर स्टेलाला होती, पण निराळी. स्टॅनलीची मस्कतची नोकरी गेल्या वर्षीच गेली होती. गावात त्यानं सांगितलं, रजा. रजा संपली तेव्हा सांगितलं, आता कामं घरूनच करायची पद्धत आली आहे. रोज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून माडीवर लॅपटॉपसमोर बसे, आणि खालून कुणाचा आवाज आला की जोरात "येस सर" म्हणे. लग्न कशावर चाललं होतं ते स्टेलाच्या मोकळ्या मनगटांकडे पाहून कळलं असतं, पण उष्णतेनं पुरळ उठतं असं ती सांगे आणि फिलू तिला कडुलिंबाचा पाला आणून देई. नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी मस्कतच्या इंजिनियरची मुलगी पसंत केली होती. एवढं लग्न पार पडेपर्यंत ही गोष्ट फुटता कामा नये, एवढंच स्टेला देवाकडे मागत होती. डेलिशालाही तिनं सांगितलं नव्हतं. आज घरात 'गरीब कोण' याची चौकशी सुरू झाली होती. ही चौकशी जितक्या लवकर पेटीत जाईल तितकी तिला हवी होती.

"काळ बदललो तर बदलो," ईडाबाय म्हणाली. "भूक बदलली काय?"

प्लासिदनं मुलाला, सॅविओला, गाडी घेऊन कसालला पिटाळलं. हायवेवर मोठा बाजार, तिथं कुणी ना कुणी मागणारं असणारच. आणि स्वतः तो दगडी गडगा ओलांडून शेजारच्या यशोदेच्या अंगणात गेला.

यशोदा मासे विकून आली होती आणि टोपली पालथी घालून धूत होती. प्लासिदनं हवापाण्याची चौकशी केली, मासे मिळतात की नाही ते विचारलं, शेवटी घसा साफ केला.

"यशोदे, आज तू आमच्याकडे जेवक ये."

"येतंय मां. परवा लग्नाकच येतलंय."

"आज ये गो. जरा लवकर. दारात येवन नुसता म्हणाचा, जेवक वाढा. बस."

यशोदेला डांटसांचा रिवाज ठाऊक होता. तिनं टोपली खाली ठेवली. "भिकारी म्हणान बोलवतंस माका?"

"तसा न्हय गो. आता तुजो घो नाय, तू बाजारात बसतंस..."

"शिरा पडो तुज्या तोंडार! माज्या पोरान, धनेशान, गेल्या म्हयन्यात दोन दारांचो फ्रीज हाडल्यान. ये, बघ. हात लावन बघ. तुज्या घरात आसा काय दोन दारांचो?" आणि मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "वादळ झालेला त्या वर्सा तुजो बापूस आमच्या पडवीत येवन बसलो होतो. तांदूळ व्हये होते. माज्या सासऱ्यान तांदूळ दिल्यान, वर चाय पाजल्यान. पण गरीब म्हणान हाक मारल्यान नाय."

हे प्लासिदला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती. तो आला तसा गडग्यावरून परत गेला, आणि घाईत पॅंट फाडून घेतली.

कसालला सॅविओनं गाडी बाजाराच्या कडेला लावली. पंचविशीतला मुलगा, मनानं चांगला, पण 'तुम्ही गरीब आहात का' हे कसं विचारायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हायवेच्या पुलाखाली सावलीला एक म्हातारी बसली होती, समोर स्टीलची वाटी. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आज्ये, जेवक चलतंस? लग्नाघरचा जेवाण आसा. वोण आसा, सुंगटांची कढी आसा."

"खंय रे?"

"मालवणाक. डांटसांकडे. दर्यालागी."

म्हातारीनं त्याला नीट न्याहाळलं. "निळ्या गेटीचा घर? माडांची बाग?"

"व्हय! तुका कसा म्हायत?"

"तुज्या बहिणीच्या लग्नाक तुज्या बापाशीन नेलेल्यान माका. जेवण बरा होता, खोटा कशाक बोलू. जेवल्यार तुजो बापूस म्हणालो, गाडी पावण्यांक हाडूक गेली हा, आता येतली. ती गाडी आजून येवची आसा."

"मगे तू परत कशी इलंस?"

"चलत. कट्टा गावापर्यंत चलत इलंय. थंय एका टेम्पोवाल्यान घेतल्यान."

सॅविओचे कान तापले. "आज मी स्वतः सोडतलंय तुका. देवाशपथ."

"तुजो बापूस पण असोच गोड बोललेलो," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "जा बाबा तू. भूक आसा, पण चलाची ताकद नाय."

त्यानं समोरच्या हॉटेलातून तिला भाजी-पाव आणून दिला. तिनं तो घेतला आणि 'देव बरा करू' म्हणाली. तो गाडीत बसला, आणि वाटभर आपण काय तोंड घेऊन घरी जातोय याचा विचार करत राहिला. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून त्यानं एक कलिंगड घेतलं.

घरी सगळे ओट्यावर जमले होते. भुकेनं मुंबईकरांची तोंडं उतरली होती, कारण घरातल्या कुणीच खायचं नाही हा नेम त्यांनाही लागू होता, आणि बिस्किटांचा डबा ईडाबायनं आपल्या मांडीवर घेतला होता. गाडीतून सॅविओ आणि कलिंगड असे दोघेच उतरलेले पाहून कुणी हसलं नाही.

"मेळलो नाय कोण?" ईडाबायनं विचारलं.

"मेळली. पण ती येवक नाय म्हणाली." आणि सॅविओनं सगळं सांगितलं, बापाकडे न बघता, पण बापाला ऐकू जाईल अशा आवाजात. ईडाबायनं प्लासिदकडे पाहिलं. मेट्रन असताना ज्या नजरेनं ती झोपलेल्या वॉर्डबॉयकडे पाहत असेल, तीच नजर.

"गाडी खरीच गेलेली," प्लासिद पुटपुटला. "मगे गडबडीत इसारलंय."

"इसारलंस म्हणान आज ही पाळी इली."

चर्चची घंटा व्हायला फार वेळ उरला नव्हता. आणि इथं प्लासिदचं डोकं चालू लागलं. अडचणीत सापडला की त्याचं डोकं बरं चाले. पावसाळ्यात बोटी बंद ठेवाव्या लागतात तेव्हा पर्यटकांना चिखलात लोळवून 'भातलावणीचा अनुभव' विकणारा हा माणूस.

"बाय, मायचो नेम काय होतो? दारात येवन आपल्या तोंडान मागणाऱ्याक वाढूचा. बरोबर?"

"बरोबर."

"मागणारो घरचो नसूक व्हयो, असा काय मायन सांगल्यान नाय."

"मगे?"

"मगे मी मागतंय."

ओट्यावर हशा पिकला. त्याच्या गळ्यातली चेन खुर्चीवर बसलेल्या मुंबईकराच्या चष्म्यात चमकत होती.

"खोटा बोलून पानार बसतलंस?" ईडाबायनं विचारलं.

"खोटा कशाक? सरकार म्हणता मी गरीब आसंय. पिवळा रेशनकार्ड आसा माज्याकडे."

फिलूनं त्याला चिमटा काढायला हात पुढे केला, पण फार उशीर झाला होता. एवढी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट नवऱ्यानं भर मांडवात, गडग्यापलीकडे यशोदा उभी असताना बोलून टाकली होती. यशोदेनं हातातलं काम सोडलं आणि ती गडग्यावर कोपरं टेकून नीट उभी राहिली.

ईडाबाय हसली नाही. "हाड कार्ड."

"आता नको गो, तोंडी सांगतंय ना..."

"हाड."

कार्ड आलं. प्लासिद, फिलू आणि सॅविओ, तिघांची नावं, आणि वार्षिक उत्पन्न असं की त्यात त्यांच्या बोटीचं डिझेलही भरलं नसतं. ईडाबायनं ते चष्मा लावून वाचलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण तिघं तर तिघं, आणि प्लासिदला जन्मभर पुरेल असा धडा तर धडा, एवढा हिशेब तिनं केला असावा.

"बरा. सरकार म्हणता तर आमी कोण नाय म्हणूक? गेटीच्या भायर जावा तिगांय. थंयसून मागा."

"भायर? हंयसूनच म्हणतंय की."

"भिकारी ओट्यार जन्माक येणत नाय, प्लासिद."

प्लासिद निळ्या गेटबाहेर गेला. मागून फिलू, पदरानं अर्धं तोंड झाकून, आणि त्यांच्या मागून सॅविओ, ज्याला खरं तर आपण शिक्षा भोगतोय याचं बरं वाटत होतं. रस्त्यानं एक पर्यटकांची रिक्षा जात होती, ती थांबली.

"पात्रांव, जेवक वाढा," मालकाला हाक मारावी तसा प्लासिद पुटपुटला.

"मोठ्यान!" गडग्यावरून यशोदा ओरडली. "माका आयकाक येवक नाय!"

"जेवक वाढा!" प्लासिद गरजला. रिक्षातल्या एका बाईनं पर्स उघडली. सॅविओनं घाईघाईनं तिला थांबवलं.

तिघं येऊन चटईवर बसले. डेलिशानं तीन केळीची पानं मांडली आणि शेजारी आणखी दोन मांडून ठेवली. ती दोन पानं रिकामीच.

"तीन झाले," ईडाबाय म्हणाली. "दोघे कमी. आता सरकारान पण हात टेकले."

मुंबईकरांनी आपापल्या फोनमध्ये माना घातल्या. त्यांना गरीब म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि श्रीमंत म्हटलं तर लग्नाचा आहेर वाढवावा लागला असता. स्टेला दाराच्या आत उभी होती. चौकशी टळली, आता कसं तरी भागेल, असं तिला वाटू लागलं होतं. चटईवर मांडी घालून बसलेल्या प्लासिदला मात्र अपमान आणि भूक दोन्ही एकदम झोंबत होतं, आणि अशा वेळी त्याला नेहमी धाकटा भाऊ दिसे.

"अरे मस्कतशेठ! खांब धरून काय रवलंस? तू बस मरे एका पानार. एक दिवस भिकारी झाल्यार तुजा मस्कत काय बुडाचा नाय!"

सगळे मनापासून हसले. हशाला निमित्तच हवं होतं.

स्टॅनली खांबापाशी उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. गेलं वर्षभर तो दर रविवारी चर्चच्या बाहेर लोकांना मस्कतचं हवामान सांगत आला होता, आणि त्यासाठी शनिवारी रात्री ते फोनवर बघून ठेवत होता. त्याला त्या खोटेपणाचा कंटाळा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्यानं स्टेलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. मग त्यानं पोरीकडे पाहिलं. डेलिशा भाताचं पातेलं धरून उभी होती, आणि दोन रिकाम्या पानांकडे बघत होती.

तो पायऱ्या उतरला आणि गेटबाहेर गेला.

"वा रे पठ्ठ्या!" कुणीतरी ओरडलं. मुंबईच्या एका भाच्यानं फोन उभा धरला.

"पात्रांव," स्टॅनली म्हणाला. हशात ते ऐकू गेलं नाही म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, "पात्रांव, जेवक वाढा."

"ॲक्टिंग बरी करता हां," फिलू म्हणाली.

"माजी नोकरी गेली. वर्स झाला. दुसरी मेळाक नाय. बायलेच्या बांगड्यो मोडून चेडवाचा लगीन करतंय." तो गेटच्या बाहेरच उभा होता, एक हात गेटच्या गजावर. "माका जेवक वाढा."

भाच्यानं फोन खाली केला. गडग्यावरची यशोदा हळूच मागे सरकली आणि घरात निघून गेली. हे ऐकायला उभं राहणं तिला बरं वाटलं नाही.

स्टेला दारातून निघाली ती पायात चप्पल न घालता. अंगण ओलांडून ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. ज्या गोष्टीसाठी वर्षभर देवाला त्रास दिला ती आता रस्त्यावर पडलेलीच होती. मग त्यानं एकट्यानंच का उचलायची?

"माका पण वाढा, बाय," ती म्हणाली.

ते दोघं आत येऊन बसले, तेव्हा चर्चची घंटा सुरू झाली.

ईडाबायच्या मांडीवरचा बिस्किटांचा डबा खाली पडला होता, तो कुणी उचलला नाही. "सांगूक काय झाला होता तुका?" तिनं विचारलं. तिचा आवाज चिडका होता, कारण रडू आलं की तिला चीडच यायची. "मी काय मेलंय होतंय?"

"विचारल्यान कोणी?" स्टॅनली म्हणाला. "मी इलंय तेव्हा सगळ्यांनी एकच विचारल्यानी. काय हाडलंस."

पहिल्या दिवशी ईडाबायनंही चष्म्याची फ्रेम आणलीस का म्हणून विचारलं होतं.

प्लासिद पानावरून उठू लागला. "मी उठतंय. मी... हेच्या बाजूक बसान जेवणा बरा दिसाचा नाय."

"बस," ईडाबाय म्हणाली. "तोंडान मागलंस ना? मगे आता जेव."

"बाय, गळ्याखाली उतराचा नाय."

"उतरव."

"पण नवऱ्याकडच्यांका आता काय सांगतलंव?" फिलूनं विचारलं. पाचांत तीच एकटी अशी होती जिला अजून पुढचं दिसत होतं.

"मी सांगतलंय," डेलिशा म्हणाली. "तू जेव, आंटी." आणि ती वाकून भात वाढू लागली. तिनं कुणाला मदतीला बोलावलं नाही. भात, कढी, वोण. पाचही पानांवर सारखं. मेलेल्यांच्या नावानं ईडाबायनं प्रार्थना म्हटली, आणि जॉनीच्या नावापाशी थांबून पुन्हा सुरू केली. मग पाचही जण जेवले. खरे गरीब आणि सरकारी गरीब, एका ओळीत. स्टॅनली मान खाली घालून भराभर जेवला. प्लासिद एकेक शीत मोजल्यासारखा घास घेत होता.

जेवण झालं की वाढणाऱ्या नवरीनं जेवलेल्या प्रत्येकासमोर गुडघे टेकून बेसांव मागायचं, आशीर्वाद. गरिबाचं बेसांव देव लगेच ऐकतो असं म्हणतात. डेलिशा आधी प्लासिदसमोर बसली. एरवी दोन वाक्यांत कुणालाही गुंडाळणारा हा माणूस "देव बरा करू" एवढंच म्हणाला, तेही पानाकडे बघत. फिलूनं जरा लांबलचक दिलं. सॅविओ म्हणाला, "माज्याकडे काय मागतंस? मीच तुज्याकडे मागूक व्हया." स्टेलानं लेकीचं डोकं छातीशी धरलं.

मग ती बापासमोर बसली.

"पपा, बेसांव दी."

"मी हंय भिकारी म्हणान बसलंय गो," स्टॅनली म्हणाला. "भिकाऱ्याचा बेसांव तुका..."

"भिकाऱ्याचा नको माका. बापाशीचा दी."

स्टॅनलीनं उजवा हात उचलला आणि तसाच थांबला. हात कोपरापर्यंत कढीनं माखला होता. तो पाण्याचा तांब्या शोधू लागला, आणि तांब्या होता प्लासिदच्या पलीकडे. प्लासिदनं तो पुढे करायला हात लांबवला.

डेलिशा थांबली नाही. तिनं बापाचा तो हात मनगटाशी धरला, आणि कढीसकट आपल्या डोक्यावर ठेवला.

"गो केस!" फिलू किंचाळली. "कालच पार्लराक जावन इली ती!"

कढी डेलिशाच्या कपाळावरून भुवईपर्यंत उतरली. स्टॅनली बेसांव पुटपुटत राहिला, आणि ते संपेपर्यंत तिनं कढी पुसली नाही.